कार्डाचा क्रमांक आणि परक्याचे दप्तर

1958 साली बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरी सुमारे 60,000 कार्डे कोणी न मागता टपालाने घरोघर पाठविली, तेव्हापासून पुढे अर्धशतकाहून अधिक काळ कार्डव्यवहाराची रीत अशी राहिली की, ग्राहकाने आपल्या खात्याची किल्लीच असलेला क्रमांक प्रत्येक दुकानदाराच्या स्वाधीन करावा आणि त्याच्या सचोटीवर विसंबून राहावे.

दुकानदार उठावदार अंकांचे ते कार्ड लोखंडी यंत्रात ठेवी, त्यावर कार्बन घातलेली पावती पसरी आणि यंत्राची मूठ एकवार आडवी ओढी. त्यासरशी नाव, क्रमांक व मुदत सर्व प्रतींवर उमटत, आणि तोच मजकूर केरात टाकलेल्या कार्बनवरही वाचता येई, ज्याचा लाभ भामट्यांनी यथेच्छ उठविला. मागाहून आलेल्या चुंबकीय पट्टीने हिशेबाला वेग दिला, परंतु तीही दरवेळी तोच तपशील सांगत असल्यामुळे एकदा केलेली नक्कल पुनःपुन्हा वापरता येई. 2013 च्या अखेरीस अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीच्या यंत्रणेतून सुमारे 4 कोटी कार्डांचा तपशील चोरीस गेला, तो याच व्यवस्थेचा परिपाक होय.

चिपच्या कार्डाने प्रत्येक व्यवहाराला नवी सांकेतिक मोहोर दिली खरी, पण मूळ क्रमांक दुकानदाराकडे जातच राहिला. खरा पालट 2014 मध्ये, ॲपल पे ही फोनवरून पैसे देण्याची सोय सुरू झाली तेव्हा, दृष्टीस पडला. कार्डाची फोनमध्ये नोंद होताच कार्डजाळे, म्हणजे दुकानदार व बँका यांना जोडणारी यंत्रणा, त्याऐवजी एक पर्यायी क्रमांक, म्हणजे टोकन, देते. फोन यंत्राजवळ धरून बोटाच्या ठशाने संमती दिली की ते टोकन आणि त्या एकाच व्यवहारापुरती मोहोर एवढेच दुकानात पोहोचते. टोकनामागील मूळ खाते ओळखण्याचा अधिकार कार्डजाळ्याच्या व बँकेच्या दप्तराकडेच राहतो. म्हणूनच पावतीवरचे शेवटचे चार अंक पुष्कळदा खिशातील कार्डाशी जुळत नाहीत, आणि माल परत करताना ग्राहक क्षणभर बुचकळ्यात पडतो. फोन हरवला तर टोकन रद्द होते, कार्ड चालू राहते.

परक्याच्या दप्तरास पहारे बसविण्यापेक्षा गुपित तेथे जाऊच न देणे हा उपाय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. हेच तत्त्व रिझर्व्ह बँकेने आपल्याकडील ऑनलाइन खरेदीलाही लावले: 1 ऑक्टोबर 2022 पासून कार्ड देणारी बँक आणि कार्डजाळे यांखेरीज कोणालाही ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक जतन करून ठेवण्याची मुभा उरलेली नाही.