जेटयुगाच्या उंबरठ्यावर : प्रस्तावना

जेट विमानाचा इतिहास वाचायला घेतला की पहिला प्रश्न येतो, ‘सर्वांत आधी कोण?’ तो लगेच मिटवून टाकू. २७ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनीत रोस्टॉकजवळ एरिख वार्झिट्झ यांनी हाइन्केल-१७८ उडवले. ब्रिटनचे ग्लॉस्टर ई.२८/३९ क्रॅनवेलहून उडाले ते १५ मे १९४१ रोजी, सतरा मिनिटांसाठी. या विषयाची खरी गोडी मात्र तारखांच्या पुढे आहे.

विरळ हवेत आणि मोठ्या वेगात प्रॉपेलर कमी पडतो, हे ग्लॉस्टरचे इंजिन घडवणाऱ्या फ्रँक व्हिटल यांच्या विद्यार्थिदशेतच ध्यानात आले होते. त्यांचा उपाय ऐकायला सोपा : हवा ओढून दाबायची, तिच्यात इंधन जाळायचे, तापलेल्या वायूवर टर्बाइन फिरवायचे आणि उरलेला झोत मागे सोडायचा. मेख अशी, की टर्बाइनची सगळी कमाई कॉम्प्रेसरच खाऊन टाकतो. दोहोंपैकी एकाची कार्यक्षमता जरा घसरली, तर झोताच्या वाट्याला काही उरत नाही. शिवाय लालभडक तापलेली पाती प्रचंड वेगाने फिरताना तुटू नयेत, असा मिश्रधातूही हवा. १९२९ मध्ये ब्रिटिश हवाई मंत्रालयाने व्हिटलना वाटेला लावले, यावर हसण्यापूर्वी हे गणित पाहावे. नकारामागे ज्यांचे मत होते, ते ए. ए. ग्रिफिथ स्वतः टर्बाइनचे जाणकार होते! (१९३५ मध्ये व्हिटल यांच्या पेटंटच्या नूतनीकरणाचे पाच पौंड मात्र मंत्रालयाने भरायला हवे होते, असे मला वाटते.)

व्हिटल यांचे इंजिन रग्बीच्या कारखान्यात १२ एप्रिल १९३७ रोजी चालले. त्याच वर्षी जर्मनीत हान्स फॉन ओहाइन यांचे प्रायोगिक इंजिन हायड्रोजनवर फिरले. दोघेही स्वतंत्रपणे तिथवर पोहोचले होते; पण ओहाइन यांच्या पाठीशी हाइन्केलसारखा श्रीमंत कारखानदार होता, आणि व्हिटल यांची ‘पॉवर जेट्स’ कंपनी पैशांसाठी सतत तिष्ठत होती.

पहिलेपणाचा मान हाइन्केलचा, यात वाद नाही. वारसा मात्र व्हिटल यांच्या इंजिनाचा अधिक रुजला : ब्रिटनचे मीटिअर हे लढाऊ जेट त्याच वाटेने आले, आणि १९४१ मध्ये अमेरिकेत पोहोचलेल्या त्या इंजिनावरून जनरल इलेक्ट्रिकने आपले इंजिन घडवले. नव्या वाचकाने सुरुवात कॉम्प्रेसरपासून करावी. वैमानिकांच्या कथा त्यानंतर जास्त रंगतात.