टॉमकाकाचे इमान

अमेरिकेतल्या काळ्या समाजात एखाद्याला 'अंकल टॉम' म्हणणे ही शिवी आहे. गोऱ्यांपुढे लाचारी करणारा, आपल्याच माणसांशी बेइमान झालेला, असा तिचा अर्थ. पण ज्या कादंबरीतून हे नाव आले, त्या 'अंकल टॉम्स केबिन'मधला टॉम मरतो तो पळून गेलेल्या दोन गुलाम बायकांचा ठावठिकाणा धन्याला सांगत नाही म्हणून! मग शिवी आली कुठून? आणि या माणसाचे इमान होते तरी कोणाशी?

आधी काळ पाहू. १८५० च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या काँग्रेसने पळालेल्या गुलामांविषयी कडक कायदा केला. उत्तरेकडच्या राज्यांत गुलामी नव्हती. पण तिथेही आता पळालेला गुलाम पकडून परत धाडणे भाग झाले. त्याला ज्यूरी नाही, स्वतःची साक्ष देण्याची मुभा नाही. निकाल देणाऱ्या कमिशनरने माणूस धन्याच्या हवाली केला तर त्याला फी १० डॉलर, आणि सोडून दिला तर ५! आसरा देणाऱ्याला १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. थोडक्यात, दारी आलेल्याला भाकरतुकडा देणे हाही गुन्हा ठरला.

हॅरिएट बीचर स्टो ही धर्मोपदेशकाची मुलगी. सिनसिनाटी शहरात ती अठरा वर्षे राहिली. समोर ओहायो नदी, आणि पलीकडच्या तीरावर केंटकी, म्हणजे गुलामीचे राज्य. १८४९ च्या पटकीच्या साथीत तिचे दीड वर्षाचे मूल गेले. बाजारात मूल विकले जाते त्या आईला काय होत असेल, हे आपल्याला तेव्हा उमगले असे तिने लिहून ठेवले आहे. जून १८५१ पासून 'नॅशनल इरा' या साप्ताहिकात तिची कादंबरी क्रमशः येऊ लागली. मार्च १८५२ मध्ये पुस्तक निघाले आणि वर्षभरात एकट्या अमेरिकेत तीन लाख प्रती खपल्या. गुलामी मोडणाऱ्या ज्या अमेरिकनांना जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपली 'गुलामगिरी' अर्पण केली, त्यांची एक पिढी हे पुस्तक वाचत वाढली होती.

कथेचा आरंभ होतो तो एका सज्जनाच्या घरात. केंटकीचा शेल्बी हा मायाळू धनी. टॉमवर त्याचा इतका भरवसा की, त्याला एकट्याला सिनसिनाटीला धाडून ५०० डॉलर आणवले, आणि टॉम परत आला. पण शेल्बी कर्जात बुडतो, आणि टॉमला व एलायझा या दासीच्या लहानग्या मुलाला दलालाला विकतो. एलायझा त्याच रात्री पोराला उराशी धरून निघते. पुढे ओहायो नदीतल्या बर्फाच्या लाद्यांवरून उड्या मारीत पलीकडे जाते. टॉमला पळता आले असते. तो पळत नाही. धन्याला दिलेला शब्द त्याने कधी मोडलेला नाही, हे एक कारण. दुसरे असे की, आपण गेलो तर वाडीवरची सगळीच माणसे विकली जातील हे तो जाणतो. हे दुसरे कारण पुष्कळ वाचक विसरतात.

यापेक्षा मोठा घाव पुढे आहे. न्यू ऑर्लिन्सचा सेंट क्लेअर हा टॉमचा दुसरा धनी, तोही भला. 'तुला मुक्त करतो' म्हणतो, कागद करायला घेतो, पण सहीचे काम राहते. एका कॉफीगृहातले भांडण सोडवताना सुरी लागून तो मरतो, आणि टॉम पुन्हा लिलावात उभा राहतो. माझ्या मते या शोकांतिकेचे मूळ शेवटच्या क्रूर लेग्रीत नाही. ते या दोन भल्या माणसांत आहे. एकाचे कर्ज, दुसऱ्याची दिरंगाई. लेग्री नुसता फटके मारतो. पण टॉमला त्याच्या दारापर्यंत आणून सोडले ते यांनी.

खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या अशा गुलामाचे खरेखुरे उदाहरण होते. जोसाया हेन्सन. १८२५ साली धन्याच्या शब्दाखातर त्याने अठरा गुलाम आणि आपली बायकोमुले मेरीलँडहून केंटकीला नेली. वाटेत सिनसिनाटीच्या काळ्या लोकांनी विनवले, 'इथेच उतरा, तुम्ही मुक्त आहात.' तो थांबला नाही. पुढे स्वातंत्र्याची किंमत ४५० डॉलर ठरली, त्याने बरीचशी फेडली. तर कागदावर आकडा झाला १०००! १८३० साली तो बायको व चार मुलांसह पळून कॅनडात पोचला, आणि सिनसिनाटीचा तो दिवस त्याला जन्मभर सलत राहिला. १८५३ साली आपल्या कथेचे पुरावे छापताना स्टोबाईंनी हेन्सनचा दाखला दिला आहे.

आता त्या शिवीविषयी. कादंबरीतला टॉम धट्टाकट्टा, रुंद छातीचा, लहान मुलांचा बाप आहे. नाटक मंडळ्यांनी त्याला पिकल्या केसांचा, कमरेत वाकलेला म्हातारा केला. तोंडाला काजळ फासून गोरे नट त्याची सोंगे काढीत गावोगाव फिरले. लोकांच्या मनात राहिला तो हा टॉम. मात्र सगळा दोष रंगभूमीवर टाकून चालणार नाही. जेम्स बाल्डविनने १९४९ साली स्टोबाईंच्या भावविवशतेवर कडक टीका केली, तीत तथ्य आहे. शेवटी एलायझाच्या कुटुंबाला तिने आफ्रिकेतल्या लायबेरियाला धाडले, तेही तिच्या काळातच अनेकांना खटकले.

क्लोईचे प्रकरण मात्र कोणत्याही टीकेला पुरून उरते. क्लोई ही टॉमची बायको. कायद्याने गुलामांचे लग्न लग्नच नव्हे. तरी नवरा सोडवून आणायचा म्हणून ती लुईव्हिलला एका मिठाईवाल्याकडे आठवड्याला चार डॉलरवर राबते. मिळालेल्या नोटाही बदलू देत नाही. आल्यावर त्याला त्याच दाखवायच्या असतात. शेल्बीचा मुलगा टॉमला सोडवायला जातो आणि त्याला पुरून परत येतो. क्लोई टेबलावरच्या त्या नोटा गोळा करते, थरथरत्या हाताने मालकिणीपुढे धरते, आणि हा पैसा पुन्हा दृष्टीस नको, असे सांगून खोलीबाहेर जायला वळते.