अंतर्ग्रहण नळीचे तापन

कार्ब्युरेटरमध्ये तयार झालेले हवा व इंधन यांचे मिश्रण पेट्रोल एंजिनाच्या निरनिराळ्या सिलिंडरांकडे नेणाऱ्या शाखायुक्त नळीला निष्कास वायूंच्या किंवा शीतक पाण्याच्या योगाने उष्णता पुरविण्याची योजना. या नळीला व्यवहारात ‘मॅनिफोल्ड’ म्हणतात. एकाच कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या अनेक सिलिंडरांच्या एंजिनात या तापनास विशेष महत्त्व असते. [→ अंतर्ज्वलन-एंजिन].

कार्ब्युरेटरमधून पेट्रोल तुषारांच्या रूपाने बाहेर पडते. त्याचे बाष्पीभवन होण्यास लागणारी सुप्त उष्णता मुख्यतः सोबतच्या हवेतून घेतली जाते. वजनी प्रमाण १५ भाग हवा व १ भाग पेट्रोल असे असल्यास पूर्ण बाष्पीभवनाने मिश्रणाचे तापमान सु. २०° से.ने उतरू शकते. सांगली जिल्ह्यातील ईश्वरपूरसारख्या (पूर्वीचे इस्लामपूर) ठिकाणी हिवाळ्यातील पहाटेचे तापमान १५° से.च्या आसपास असते. म्हणजे तेथेही मिश्रण गोठणबिंदूच्या खाली जाणे शक्य असते. हवा दमट असेल, तर कार्ब्युरेटरच्या झडपेवर बर्फ धरते. ती कोरडी असेल, तर बर्फ धरत नाही. परंतु न उडालेल्या पेट्रोलचा पातळ थर नळीच्या तळाशी साचून राहतो. प्रत्येक सिलिंडराजवळ वेगळा कार्ब्युरेटर असल्यास मार्ग आखूड असल्यामुळे ही अडचण सौम्य असते. अनेक कार्ब्युरेटर काढून एकच बसविला, तर शाखा लांबतात, वळणांवर थेंब मागे पडतात आणि काही सिलिंडरांना इंधन जास्त, तर काहींना कमी मिळते. गार एंजिन अडखळते; न जळलेले इंधन सिलिंडराच्या भिंतींवरील वंगण धुऊन काढते व तळाच्या तेलात मिसळून त्यास पातळ करते. त्यामुळे एंजिनाची झीज वाढते.

व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८९३ मध्ये तुषार कार्ब्युरेटर प्रचारात आणला. त्या काळचे पेट्रोल हलके व सहज उडून जाणारे होते. पुढे मोटारगाड्यांची संख्या वाढली आणि मागणी पुरविण्यासाठी अधिक जड अंशही पेट्रोलमध्ये येऊ लागले. त्यामुळे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास निष्कास वायूंनी नळीचा एक भाग मुद्दाम तापविण्याची पद्धत रूढ झाली. कार्ब्युरेटरच्या बरोबर खाली असलेल्या या भागास ‘तप्त स्थान’ म्हणतात.

महाराष्ट्रात या योजनेची दोन रूपे जीप गाडीच्या एंजिनांत दिसून आली. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली. विलिसच्या युद्धकालीन २,१९९ घ. सेंमी. एंजिनात झडपा बाजूस होत्या व अंतर्ग्रहण आणि निष्कास नळ्या एकमेकींस जोडलेल्या होत्या. त्यांमधील झडप द्विधातवीय कमानीने फिरे. एंजिन गार असता ती निष्कास वायू तप्त स्थानाकडे वळवी व ते तापल्यावर त्यांना सरळ बाहेर सोडी. नंतरच्या ‘हरिकेन’ एंजिनात अंतर्ग्रहण मार्ग सिलिंडर-शीर्षातच ओतलेला असून त्याभोवती शीतक पाणी खेळे. पाण्याचे तापमान मर्यादित असल्याने तापन अधिक सम होई. मात्र पाणी तापेपर्यंत त्याचा उपयोग होत नसे.

पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवावयाच्या पंप-एंजिनांत तापन अपरिहार्य ठरते, कारण रॉकेलचा उत्कलन पल्ला सु. १५०° ते ३००° से. आहे. एंजिन पुरेसे तापल्यावरच रॉकेलची तोटी उघडावयाची व थांबविण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर यावयाचे, ही रीत यामुळेच पडली. ती न पाळल्यास रॉकेल तळाच्या तेलात उतरते. डीझेल एंजिनात इंधन थेट सिलिंडरातील तप्त हवेत फवारले जात असल्याने असे तापन लागत नाही.

तापनाची किंमत शक्तीच्या रूपाने द्यावी लागते. मिश्रण ३०° से.वरून ६०° से.पर्यंत तापल्यास त्याची घनता सु. ९ टक्क्यांनी घटते व सिलिंडरात तेवढे कमी वस्तुमान शिरते. अतितापनाने अपस्फोटही संभवतो. म्हणून नळी थेंब उडून जाण्यापुरतीच तापविणे इष्ट असते. शर्यतीच्या गाड्यांत तापन काढून टाकतात. परंतु रोजच्या वापरातील गाडीत त्याचे अनुकरण केल्यास गार एंजिन नीट चालत नाही व इंधन वाया जाते.

इंधन मुळातच वायुरूप असल्यास नियम उलटतो. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशापासून मिळविलेल्या प्रोड्यूसर वायूवर बसगाड्या चालविल्या गेल्या, तेव्हा तो वायू एंजिनात जाण्यापूर्वी थंड करावा लागे. मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी संपीडित नैसर्गिक वायूवर आणल्या गेल्या, तेव्हाही तापलेल्या नळीचे प्रयोजन उरले नाही. परंतु सु. २०० वातावरणे दाबाचा वायू प्रसरण पावताना थंड होतो. म्हणून एंजिनाचे गरम पाणी दाब-नियंत्रकाकडे नेण्यात आले. उष्णतेची गरज राहिली. तिची जागा मात्र बदलली. या टॅक्सींचे पर्व मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपले. तत्पूर्वीच मोटारींत इंधन-अंतःक्षेपण रूढ झाले होते. प्रत्येक सिलिंडराच्या झडपेजवळ इंधन फवारले जाऊ लागल्याने लांब नळीतून ओले मिश्रण नेण्याचा प्रश्नच मावळला. जुन्या गाड्या जतन करणाऱ्यांना मात्र कार्ब्युरेटर बदलताना तापनाचा विचार आजही करावा लागतो.