लाकी, १७८३ : लाव्हा थांबला, मरण थांबले नाही

१/ ज्वालामुखी म्हटला की निमुळता डोंगर आणि त्याच्या माथ्यावरचा धूर डोळ्यांपुढे येतो. आइसलंडमधील लाकी या चित्रात बसत नाही. ८ जून १७८३ रोजी तेथे जमीनच उसवली. सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या भेगेवर शंभराहून अधिक विवरे उघडली आणि उद्रेक फेब्रुवारी १७८४ पर्यंत चालला. (सह्याद्रीचा काळा पाषाणही थरांवर थर चढवणाऱ्या लाव्ह्याचाच, मात्र त्याचा व्याप लाकीच्या कैक पट.)

२/ २० जुलैला लाव्हा चर्चच्या रोखाने येत असताना धर्मगुरू योन स्टेइनग्रिमसन यांनी लोकांना आत घेऊन उपासना चालवली. प्रवाह अलीकडेच थिजला. हे 'अग्निप्रवचन' आइसलंडमध्ये आजही सांगितले जाते. चमत्काराची गोष्ट लोकांच्या लक्षात राहते. पुढचे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

३/ कारण खरा घात लाव्ह्याने केलाच नाही. भूगर्भातील दाबामुळे शिलारसात वायू विरघळून असतात. रस वर येतो, दाब उतरतो आणि सोड्याची बाटली उघडावी तसे ते बाहेर पडतात. लाकीतून सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड निघाला, सोबत फ्लोरीन. ते गवतावर बसले. मेंढ्यांनी ते गवत खाल्ले. त्यांच्या हाडांवर गाठी आल्या, दात बिघडले, चरणे अशक्य झाले. बहुतेक मेंढ्या आणि जवळपास निम्मी गुरे दगावली. ज्या देशाचे पोट धान्यावर नव्हे, दूध-मांसावर चालत होते, तेथे याचा अर्थ एकच होता. सुमारे ५० हजार लोकसंख्येपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा पुढील दोन-तीन वर्षांत उपासमारीने व रोगाने संपला.

४/ गंधकाचे कोरडे धुके युरोपभर पसरले. तेव्हा पॅरिसमध्ये असलेल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी त्याचा संबंध आइसलंडमधील ज्वालामुखीशी असू शकेल, असा तर्क १७८४ मध्ये मांडला.

५/ आइसलंड तेव्हा डेन्मार्कच्या अमलाखाली होते. मदतनिधीची मोहोरबंद पेटी पोहोचवण्याचे काम योन यांच्याकडे आले. वाटेत भेटलेल्या गरजूंना जनावरे घेता यावीत म्हणून त्यांनी मोहोर फोडून काही रक्कम वाटली. त्याबद्दल त्यांना दंड झाला आणि जाहीर माफी मागावी लागली. या आपत्तीविषयी आज जे काही ठाऊक आहे, त्यातील फार मोठा भाग याच माणसाच्या लेखनातून आला आहे.