प्रवाळ-जलजीवालय

जिवंत प्रवाळ व त्यांच्या सान्निध्यातील जलचर पाळण्याची खाऱ्या पाण्याची टाकी. पहिले सार्वजनिक जलजीवालय लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये उघडले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. आरंभीच्या घरगुती टाक्यांत मासे जगत. परंतु प्रवाळ सहसा टिकत नसत, कारण बंदिस्त पाण्यात विष्ठा व अन्नशेषांपासून अमोनिया साचे. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये टाकीत समुद्रातील सजीव खडक ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अशा खडकांवरील सूक्ष्मजंतू अमोनियाचे प्रथम नायट्राइटात व नंतर नायट्रेटात रूपांतर करतात. साचलेले नायट्रेट ठराविक काळाने थोडे पाणी बदलून कमी करतात.

त्र्यंबकेश्वरसारख्या समुद्रापासून दूरच्या ठिकाणी शुद्ध केलेल्या गोड्या पाण्यात लवणमिश्रण विरघळवून समुद्रजल तयार करावे लागते. बाष्पीभवनाची तूट मात्र गोड्या पाण्यानेच भरतात. कारण लवणे मागे राहतात. तापमान सु. २५° से., लवणता दर हजारी ३५ व कॅल्शियम दर लिटरला ४०० मिग्रॅ.च्या वर राखणे हितावह असते. पाणी फार तापल्यास प्रवाळांतील सहजीवी शैवले निघून जातात व प्रवाळ पांढरे पडतात.

भारतात २००१ मध्ये दगडी प्रवाळांचा समावेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत झाला. त्यामुळे पाणी कितीही निर्मळ राखले, तरी आपल्या समुद्रातून तोडून आणलेला असा प्रवाळ घरी ठेवणे हा गुन्हा ठरतो.