वधूमूल्य, भेट, विष : ‘गिफ्ट’चा मागोवा

आपण वाढदिवसाला हौसेने देतो ते ‘गिफ्ट’ जर्मन भाषेत विष ठरते. स्वीडिशमध्ये या शब्दाचे दोन अर्थ होतात : विष आणि विवाहित. हे सारे अर्थ एकाच कुळातले आहेत. त्या कुळाचा मूळपुरुष शोधत आपण प्राचीन जर्मानिक बोलींपर्यंत मागे गेलो, की ‘देणे’ या क्रियापदापासून घडलेले एक साधे नाम सापडते : देण्याची क्रिया किंवा दिलेली वस्तू. जुन्या इंग्रजीत त्याचा उच्चार ‘यिफ्ट’ असा काहीसा होता आणि अर्थ होता वधूसाठी मोजलेले मूल्य. अनेकवचनात तर थेट लग्न. नवव्या शतकात डेन लोक इंग्लंडच्या उत्तरेत आणि पूर्वेत स्थायिक झाले, त्यांच्या बोलीतला कठोर ‘ग’ पुढे इंग्रजीत रुजला, आणि लग्नाचा संदर्भ गळून नुसती भेट उरली. स्कँडिनेव्हियात मात्र तो संदर्भ टिकला. जिला ‘दिली’, ती विवाहित. ‘मुलगी नगरला दिली’ असे सहज म्हणणाऱ्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

विषाची वाट अधिक विलक्षण आहे. ग्रीक वैद्य औषधाच्या मात्रेला ‘दोसिस’, म्हणजे ‘देणे’, म्हणत. आपले ‘दान’ आणि ही ‘दोसिस’ एकाच ‘दा’ धातूची लेकरे. आजचा ‘डोस’ही तिचाच वंशज. लॅटिन वैद्यकातून आलेल्या या संज्ञेच्या वळणावर जर्मन ‘गिफ्ट’लाही मात्रेचा अर्थ चिकटला. पुढे मात्रेवरून तो घातक मात्रेकडे, आणि तिथून विषाकडे सरकला. विषाचे नाव उघड न घेण्याचा संकोचही त्यामागे असावा, असे मला वाटते. १५३८ मध्ये पॅरासेल्ससने आपल्या वैद्यकीचे समर्थन करताना मांडले की विष नाही असा पदार्थच नाही, मात्राच काय ते ठरवते. त्या युक्तिवादात ‘गिफ्ट’ आणि ‘दोसिस’ शेजारी शेजारी आले. दुरावलेले अनुवाद आणि मूळ पुन्हा भेटले. भेटीचा जुना अर्थ जर्मनमध्ये हळूहळू मावळला, तरी हुंड्याला तिथे ‘मिटगिफ्ट’ म्हणतात. १९२४ मध्ये मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने ‘गिफ्ट, गिफ्ट’ याच नावाचा छोटा निबंध लिहून, मेजवानीत पुढे केलेल्या पेयात सन्मान आणि धोका एकत्र कसे असत, हे दाखवले. देणगीवरचा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ त्यानंतर लगेच आला. डच भाषेने मात्र या दोन अर्थांची वाटणी केली आहे : देणगी ती ‘गिफ्ट’, विष ते ‘गिफ’.