पुबेलसाहेबांचे डबे

निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाला कचेरीत नवं काम सांगता येत नाही आणि नुसतं बसूही देता येत नाही. अशा माणसाला समितीचा अध्यक्ष करतात. 2017 साली मला आमच्या पुण्याच्या कचेरीच्या कचरा समितीचा अध्यक्ष केलं. आदल्याच वर्षी सरकारने घनकचऱ्याचे नवे नियम काढले होते. ओला, सुका आणि घातक असे कचऱ्याचे तीन भाग करा, असा हुकूम होता.

"तुम्हाला वाचनाची आवड आहे," साहेब म्हणाले.

कचऱ्याचा आणि वाचनाचा काय संबंध, हे मला त्या वेळी कळलं नाही. पुढे कळलं, आणि चांगलंच कळलं.

वाचनाची आवड असलेला माणूस कुठल्याही कामाला हात घालण्याआधी त्याचा इतिहास वाचतो. काम लांबणीवर टाकायची याहून प्रतिष्ठित युक्ती मला तरी ठाऊक नाही. तर या इतिहासात मला पहिले भेटले ते गटिंगेनचे युस्टुस क्लाप्रोट. 1774 साली त्यांनी छापील कागदावरची शाई काढून त्याचा पुन्हा कोरा कागद करण्याची रीत सांगितली. गृहस्थ पेशाने कायदेपंडित! कायद्याच्या माणसाला छापलेलं पुसून टाकावंसं वाटलं, यात मला नवल वाटलं नाही.

त्यानंतर भेटले पॅरिसचे प्रशासक यूजेन पुबेल. 1883 साली त्यांनी फर्मान काढलं, की प्रत्येक घरमालकाने भाडेकरूंसाठी झाकणाचे डबे ठेवावेत. एक नव्हे, तीन! एक नासणाऱ्या कचऱ्याचा, एक कागद-चिंध्यांचा आणि एक काचा, फुटकी भांडी व कालवांची शिंपलं यांचा. म्हणजे आमच्या सरकारच्या आधी 133 वर्षं साहेबांनी तीन डबे मांडून ठेवले होते.

पुढे काय झालं? घरमालक खर्चावरून ओरडले, दरवान कामावरून ओरडले, आणि सगळ्यांत जास्त ओरडले ते चिंध्या वेचणारे. रस्त्यावरच्या ढिगातून चिंध्या, हाडं, कागद वेचून पॅरिसात हजारो कुटुंबं पोट भरत होती. डब्याला झाकण बसलं म्हणजे त्यांच्या ताटावरच बसलं. शेवटी गाडी येण्याआधी डबे चाळण्याची मुभा त्यांना द्यावी लागली. तीन डब्यांचं हळूहळू बारगळलं. डबा मात्र राहिला आणि साहेबांचं नावही राहिलं. फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला आजही 'पुबेल' म्हणतात. सरकारी नोकरीत इतकं अजरामर होणं फार थोड्यांच्या नशिबी असतं.

एवढा अभ्यास झाल्यावर मी कामाला लागलो. म्हणजे परिपत्रक काढलं. बारा पानी परिपत्रकाच्या साठ प्रती सगळ्या टेबलांवर गेल्या. प्रत्येक खात्यात हिरवा आणि निळा असे दोन डबे आले. घातक कचरा साहेबांच्या परवानगीने पुढच्या वर्षावर ढकलला. निळ्या डब्यावर एकमेकांच्या मागे धावणारे ते तीन बाण होते. 1970 साली गॅरी अँडरसन नावाच्या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी काढलेलं हे चित्र, हेही मी परिपत्रकात आवर्जून लिहिलं होतं. निळ्या डब्यात पहिल्या दिवशी जो कागद पडला तो म्हणजे हेच परिपत्रक. त्यात सामोसा गुंडाळलेला होता.

पंधरा दिवसांनी पाहिलं तर दोन्ही डब्यांत तोच माल: चहाचे कप, केळ्याची सालं आणि फायलींचे पुठ्ठे. एके संध्याकाळी मी उशिरापर्यंत थांबलो, तेव्हा सफाईच्या मावशी दोन्ही डबे शांतपणे एकाच काळ्या पिशवीत रिकामे करत होत्या. मी बघतच राहिलो. पण बोललो नाही. अध्यक्षाने समितीला विचारल्याशिवाय बोलू नये, असा संकेत आहे.

त्याच आठवड्यात आमच्या नातीच्या शाळेत रद्दी जमवण्याची स्पर्धा लागली. ज्या वर्गाची रद्दी जास्त, त्याला ढाल. मुलांना वजनावर बक्षीस लावलं की काय होतं, हेही इतिहासात आहे. 1942 साली अमेरिकेत युद्धासाठी रद्दी जमवा म्हटल्याबरोबर पोरांनी इतकी जमवली, की गिरण्यांना ढीग आवरेनात आणि मोहीम आवरती घ्यावी लागली. आमच्या नातीने दिवाळी अंक नेले, माझी पुस्तकं नेली, पंचांगं नेली. मी कौतुकाने बघत होतो. रात्री हिने फडताळ उघडलं आणि विचारलं, "अहो, सासूबाईंची वही कुठेय?"

माझ्या पोटात धस्स झालं. ती आईची वही. लोणच्यांची प्रमाणं, दिव्याच्या अवसेची कहाणी, माझ्या गोवराच्या तारखा आणि वाण्याची उधारी, सगळं तिच्या तिरक्या अक्षरात. पानापानांवर तेलाचे डाग. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. तिचं अक्षर घरात तेवढंच उरलं होतं.

रिसायकलिंग हा शब्द आईने कधी ऐकला नसेल. तिच्या राज्यात वडिलांच्या धोतराचा पंचा व्हायचा, पंच्याचं पोळ्यांचं फडकं, फडक्याचं पोतेरं. पुडीचा दोरासुद्धा गुंडीला गुंडाळला जायचा. त्या बाईची वही तिच्या पणतीने देशकार्यात दिली होती.

सकाळी शाळेत गेलो, तर माल गेलेला. रद्दीच्या दुकानात पोचलो तेव्हा मला घाम फुटला होता. दुकानदार थंडपणे म्हणाला, "हातानं लिहिलेलं काही असलं की मी बाजूला ठेवतो, काका. माणूस शोधत येतो." आणि त्याने वरच्या फळीवरून वही काढून दिली. मी पैसे पुढे केले, ते त्याने घेतले नाहीत.

मग मी तिथेच पोत्यावर बसलो. समोर वर्तमानपत्रं वेगळी, वह्या-पुस्तकं वेगळी, पुठ्ठा वेगळा. "चहाचे कप?" मी विचारलं. "आतून प्लॅस्टिक असतं. कोण घेणार?" तेलकट कागद? "एक सामोसा सगळं पोतं घाण करतो." बारा पानी परिपत्रकात यातलं एक वाक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "साहेब, गाडी एक, पिशवी एक, जिन्याखाली जागा एक. दोन डबे तुम्ही आणले. दुसरी गाडी कुणी आणली? अन् पहिलं आम्ही कागद निवडून विकायचो, चार पैसे सुटायचे. तुमची योजना आली अन् सुका कचरा कंत्राटदाराचा झाला. मग निवडायचं कुणासाठी?"

मला एकदम पॅरिस आठवलं. 1883 सालची चूक मी परिपत्रक काढून नव्याने केली होती. आणि पॅरिसपर्यंत जायची गरजही नव्हती. माझ्याच पुण्यात 1993 साली कचरा वेचणाऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा उचलू लागली. रोज सकाळी आमच्या दारात त्यांची गाडी यायची. मी त्या वेळी आत बसून पुबेलसाहेब वाचत असायचो.

पुढच्या बैठकीला मी मावशींना आणि रद्दीवाल्याला बोलावलं. साहेबांच्या भुवया वर गेल्या, पण काम अर्ध्या तासात झालं. टेबलाखालच्या टोपल्या काढल्या. कोऱ्या-छापील कागदाची एकच पेटी, ती झेरॉक्सच्या यंत्राशेजारी. खाण्याचा कचरा फक्त कॅन्टीनमध्ये. स्टीलचे पेले परत आले. दुसरी गाडी आली. कागदाचे पैसे सफाईच्या बायकांचे, आणि दर शनिवारी किती किलो गेला ते फळ्यावर. लेखा विभागाने आस्थापनेवर चढाओढीत मात केली, तेव्हा मी ओळखलं की आता थांबत नाही.

2019 साली मी निवृत्त झालो. निरोपाच्या समारंभात साहेबांनी माझ्या वाचनाचं फार कौतुक केलं. मानपत्र जाड, चकचकीत कागदावर छापलेलं होतं, वर प्लॅस्टिकचं आवरण. घरी आल्यावर हिने ते उलटसुलट करून पाहिलं.

"हे रद्दीत घेत नाहीत ना हो?" ती म्हणाली.

"नाही."

"मग लावा भिंतीवर."